चार्ज पंपची शिट्टी घालवायची कशी: घुमटाच्या प्रीअँपवर केलेली सगळी खटपट

गेल्या चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी आमच्या वाड्यावरच्या आरती मंडळीने मला कामाला लावलं. घुमटाला, म्हणजे तोंडाला चामडं ताणलेल्या मातीच्या तालवाद्याला, पिएझोची (हादऱ्याचं विजेत रूपांतर करणारी) चकती चिकटवून तो आवाज सरळ मिक्सरमध्ये घ्यायचा, म्हणजे माइक धरायला माणूस नको आणि कांसाळ्यांचा (झांजांचा) खणखणाट त्या माइकमध्ये घुसणार नाही. कल्पना चांगली. मी टीएल०७२ या ऑप-अँप चिपवर छोटा प्रीअँप (कमकुवत सिग्नल वाढवणारं सर्किट) बनवला, ९ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालणारा, आणि मायनस ९ व्होल्ट करायला आयसीएल७६६० हा चार्ज पंप (कपॅसिटर भरून, उलटा करून मायनस व्होल्टेज बनवणारी चिप) टाकला. घरी हेडफोनवर ठीक वाटलं, देवघरासमोर मोठ्या स्पीकरवर लावलं तर मागे बारीक सुईसारखी शिट्टी, कधी न थांबणारी. काका म्हणाले, "रे, घुमट वाजतंय का चिलट?"

त्यानंतरचे चार दिवस मी त्या चिलटामागे होतो. गिटारचे पेडल बनवणाऱ्या पोरांना हाच त्रास होतो, हार्मोनियमच्या पिकअपवाल्यांनाही होतो, म्हणून जे केलं ते सगळं क्रमाने लिहून ठेवतो. माझी पहिली चूक आधीच सांगतो, मी आउटपुटवर कपॅसिटर वाढवत बसलो. १० मायक्रोफॅरडचा ४७ केला, ४७ चा २२० केला, शिट्टी थोडी कमी झाली पण गेली नाही, कारण ती बऱ्याच अंशी तिथून येतच नव्हती. चार्ज पंपचा आवाज तीन दारांनी आत शिरतो: मायनस रेलवरून (रेल म्हणजे ऑप-अँपला वीज देणारी लाइन), प्लस रेलवरून, आणि ग्राउंड किंवा हवेतून. कुठलं दार उघडं आहे ते आधी बघा, मग सोल्डरिंग आयर्न तापवा.

शिट्टी येते कशी

७६६० च्या पोटात फक्त चार स्विच आणि एक ऑसिलेटर आहे. आधी पिन २ आणि ४ च्या मधला फ्लाइंग कपॅसिटर ९ व्होल्टवर भरून घ्यायचा, मग तोच उचलून उलटा करून आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये रिकामा करायचा, की झाले मायनस ९. विहिरीतून कळशीने पाणी काढून टाकीत ओतायचं तसं, त्यामुळे टाकीची पातळी प्रत्येक कळशीमागे थोडी हलते. ती हालचाल म्हणजे रिपल. आता गंमत अशी की ऑसिलेटर १० किलोहर्ट्झचा असतो पण आत तो दोनने भागला जातो, म्हणजे कळशी सेकंदाला ५००० वेळा फिरते, आणि ५ किलोहर्ट्झला आपला कान अगदी तिखट असतो. चिप बनवणाऱ्यांनी ऑडिओचा विचार करून हा आकडा ठेवलेला नाही, त्यांच्या दृष्टीने कमी फ्रिक्वेन्सी म्हणजे कमी वीज खाणं.

रिपल किती ते पाटीवर मांडता येतं. लोडचा करंट भागिले, दोन गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटर. माझा लोड ५ मिलिअँप धरा, फ्रिक्वेन्सी ५ किलोहर्ट्झ, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड: उत्तर ५० मिलिव्होल्ट. वर कपॅसिटरचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे ईएसआर, २ ओहम असला तर आणखी साधारण २० मिलिव्होल्ट, कारण करंट त्यातून एकदा आत आणि एकदा बाहेर जातो. ऑप-अँप रेलवरची घाण दाबतो हे खरं, टीएल०७२ च्या कागदावर मोठे आकडेही दिसतात, पण ते डीसीजवळचे. फ्रिक्वेन्सी वाढली की ती ताकद उतरत जाते, आणि बऱ्याच ऑप-अँपमध्ये मायनस बाजू जास्त कमजोर असते. आपण नेमकी तिथेच घाण ओततो.

आधी चोर पकडा

पहिलं काम, चार्ज पंपची चिप सॉकेटमधून काढा (सॉकेट लावलेलं असेलच, नसेल तर पुढच्या वेळी लावा) आणि ऑप-अँपला दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या द्या, एक प्लसला, एक मायनसला. शिट्टी गेली तर चोर चार्ज पंपच. नाही गेली तर अॅडॅप्टर, एलईडीची ट्यूब, शेजारचा फॅन रेग्युलेटर, कुठलंही असू शकतं आणि हा लेख त्या कामाचा नाही. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं फुकटचं अॅप घ्या, फोन स्पीकरसमोर धरा, ५ किलोहर्ट्झच्या आसपास एकच उभी काडी दिसली की खात्री पटते. चिपप्रमाणे, व्होल्टेजप्रमाणे ती काडी थोडी इकडेतिकडे असते.

दुसरं काम महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. चिप परत लावा पण तिचं आउटपुट ऑप-अँपपासून तोडा, त्या आउटपुटवर १.८ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावा म्हणजे चिपला ५ मिलिअँपचा खोटा लोड मिळतो आणि ती पूर्वीसारखीच राबते. ऑप-अँपचं मायनस बॅटरीवर ठेवा, प्लस मात्र अॅडॅप्टरच्या त्याच लाइनवर. आता ऐका. माझ्याकडे शिट्टी जवळपास अर्धी शिल्लक होती, आणि मी चार दिवस आउटपुटचे कपॅसिटर बदलत होतो!

तिसरं, चिपला वेगळी बॅटरी द्या, फक्त ग्राउंड सामाईक. तरीही शिट्टी असेल तर ती ग्राउंडच्या ट्रॅकमधून किंवा हवेतून येते. त्यातही फरक करायचा असेल तर पिएझोचा जॅक उपटून बघा. उपटल्यावर शिट्टी एकदम बोंबलली तर ती हवेतून, म्हणजे चिपच्या पिन २ वरून इनपुटच्या वायरवर उडी मारते आहे.

ही उडी किती मोठी असू शकते ते बघा, मला स्वतःला पटत नव्हतं. पिन २ वर शून्य ते ९ व्होल्ट असा चौकोनी सिग्नल सतत चालू असतो. त्याच्या आणि इनपुटच्या वायरमध्ये फक्त १ पिकोफॅरड धरा, म्हणजे दोन वायरी बोटभर अंतरावर शेजारून गेल्या की होतंच तेवढं. पिएझोची चकती साधारण २० नॅनोफॅरडची असली तर भाग पडतो वीस हजारात एक, म्हणजे ०.४५ मिलिव्होल्ट इनपुटवर. प्रीअँपचा गेन (सिग्नल कितीपट वाढतो ते) २० असेल तर बाहेर ९ मिलिव्होल्ट. शांत देवघरात ते व्यवस्थित ऐकू येतं. आणि चकती काढली, इनपुटला फक्त १ मेगाओहम उरला, की तोच आकडा शेकडो मिलिव्होल्टवर जातो. म्हणून इनपुटला असा जॅक लावा जो प्लग काढल्यावर आपोआप ग्राउंड होतो.

मोजायला स्कोप असेल तर प्रोबची लांब मगरक्लिप ग्राउंडला लावू नका, तिचा वळसा अँटेना होतो आणि नसलेले स्पाइक दिसतात, टोकाशी आखूड स्प्रिंग लावा, एसी कपलिंग आणि २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू ठेवा. स्कोप नसेल तर कानावर विश्वास ठेवा, १ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम सिरीजमध्ये लावून रेल एखाद्या जुन्या पॉवर्ड स्पीकरला जोडून ऐका. जुना म्हणतोय, चुकून डीसी गेला तर रडायला नको. स्वस्त मल्टिमीटरच्या एसी रेंजवर मात्र जाऊ नका, ते ५० हर्ट्झसाठी बनवलेले असतात आणि ५ किलोहर्ट्झला काहीही सांगतात.

पहिलं दार: प्लस रेल

उलटं वाटेल पण सुरुवात इथून करा. फ्लाइंग कपॅसिटर भरताना चिप ९ व्होल्टच्या लाइनमधून करंट ओढते, रिकामा करताना ओढत नाही. म्हणजे लोड ५ मिलिअँप असला तरी लाइनवर अर्धा वेळ सरासरी १० मिलिअँप आणि अर्धा वेळ शून्य असा झटका बसतो, वर प्रत्येक स्विचिंगला बारीक टोकदार स्पाइक वेगळे. अॅडॅप्टरची लांब बारीक वायर, जुना खिळखिळा जॅक, सगळं मिळून १ ओहम धरा, तर १० मिलिव्होल्टची शिट्टी प्लस रेलवर आलीच, आणि ऑप-अँप त्याच रेलवर बसलाय.

उपाय स्वस्त आहे. जॅकनंतर लाइन दोन फांद्यांत तोडा. चिपच्या फांदीत २२ ओहम सिरीजमध्ये आणि नंतर पिन ८ ला अगदी चिकटून १०० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक. याची कटऑफ, म्हणजे जिच्या वरचं सगळं दबायला लागतं ती फ्रिक्वेन्सी, ७२ हर्ट्झच्या आसपास येते, ५ किलोहर्ट्झला हिशेबाने साठपट तरी दबतं, आणि ५ मिलिअँपला फक्त ०.११ व्होल्ट पडतात. ऑप-अँपच्या फांदीतही असंच, ४७ ओहम आणि १०० मायक्रोफॅरड. एवढ्यावरच माझी निम्मी शिट्टी गेली, खर्च वीस रुपयेही नाही.

दुसरं दार: मायनस रेल

फ्लाइंग कपॅसिटर १० मायक्रोफॅरडच राहू द्या, तो वाढवून रिपल फारसा कमी होत नाही, भरतानाचा झटका मात्र दांडगा होतो. आउटपुटचा कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड, कमी ईएसआरवाला, त्याला समांतर १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. हिशेबाने रिपल ५० वरून ५ मिलिव्होल्टवर येतो. पोलॅरिटी नीट बघा, मायनस रेलवर कपॅसिटरचं प्लस टोक ग्राउंडला जातं. फ्लाइंगचं प्लस पिन २ ला, मायनस पिन ४ ला. मी घाईत एक उलटा लावला होता, फुटला नाही पण फुगला.

मग ४७ ओहम आणि आणखी एक १०० मायक्रोफॅरड. कटऑफ ३४ हर्ट्झ, कागदावर ५ किलोहर्ट्झला दीडशेपट कमी. खरं तर दुसऱ्या कपॅसिटरचा ईएसआर अर्धा ओहम असला तर ऐंशीपटीच्या आसपासच अडतं, कारण ४७ आणि अर्ध्या ओहमच्या डिव्हायडरच्या खाली ते जाऊ शकत नाही. म्हणून भंगारातून काढलेले, वाळलेले कपॅसिटर इथे लावू नका. ५ मिलिअँपला पाव व्होल्ट पडतो, पडू दे.

रेझिस्टरच्या जागी १०० मायक्रोहेन्रीची कॉइल लावणारेही आहेत, लोड मोठा असेल तर बरोबर आहे, पण १०० मायक्रोफॅरडबरोबर तिचा रेझोनन्स १.६ किलोहर्ट्झला पडतो, भर ऑडिओत. ईएसआर १ ओहमच्या आसपास असला तर ते आपोआप शांत राहतं, फार चांगला कपॅसिटर लावला तर उलट घंटी वाजते. पाच-दहा मिलिअँपसाठी साधा रेझिस्टरच बरा.

आणखी शांतता पाहिजे तर कपॅसिटन्स मल्टिप्लायर करा, मला हे सर्किट फार आवडतं. मायनससाठी बीसी५५७ हा ट्रान्झिस्टर घ्या: कलेक्टर कच्च्या मायनस रेलला, एमिटरवरून स्वच्छ मायनस ऑप-अँपला, कलेक्टर ते बेस १ किलोओहम, बेस ते ग्राउंड १०० मायक्रोफॅरड (प्लस टोक ग्राउंडला). कटऑफ दीड हर्ट्झ, आणि लोडचा करंट त्या १ किलोओहममधून जात नाही, त्यामुळे ड्रॉप फक्त ०.७ व्होल्टच्या आसपास. चालू केल्यावर रेल हळूहळू चढते, तो अर्धा सेकंद घाबरू नका. मायनस ७.८ व्होल्ट मिळाले तरी घुमटाला काय फरक पडतो? ७९एल०५ सारखा रेग्युलेटर लावून हेच होईल असं वाटतं, पण रेग्युलेटरचीही दाबण्याची ताकद वरच्या फ्रिक्वेन्सीला घसरते आणि स्पाइक तर सरळ आरपार जातात. लावायचाच तर त्याच्या आधी रेझिस्टर-कपॅसिटर पाहिजेच.

सिरॅमिकबद्दल एक गोष्ट. वर १० मायक्रोफॅरड छापलेला छोटा चिप सिरॅमिक ९ व्होल्टवर प्रत्यक्षात अर्धाही उरत नाही. एक्स७आर जातीचा घ्या, जास्त व्होल्टचा घ्या, वाय५व्ही हातात धरू नका. शिवाय हे सिरॅमिक स्वतःच थोडे पिएझो असतात, डबा घुमटाला बांधणार असाल तर सिग्नलच्या वाटेत ते नकोत, फिल्मचे लावा.

तिसरं दार: ग्राउंड आणि हवा

चिपच्या पिन ३ चा आणि दोन्ही मोठ्या कपॅसिटरचा ग्राउंड एका गटात बांधा आणि तो गट एकाच वायरने जॅकच्या ग्राउंडला न्या. इनपुटचा आणि ऑप-अँपचा ग्राउंड दुसरा गट, दुसरी वायर, भेट फक्त जॅकवर. माझ्या पहिल्या बोर्डावर इनपुटचा ग्राउंड चिपच्या पायाखालून जात होता, म्हणजे गटाराच्या पाण्यातूनच पिण्याची लाइन.

फ्लाइंग कपॅसिटर चिपला चिकटवून लावा, पाय कापून. चिप डब्याच्या एका टोकाला, इनपुट जॅक दुसऱ्या टोकाला, डबा अॅल्युमिनियमचा आणि ग्राउंड केलेला, पिएझोची वायर शील्डवाली. प्लॅस्टिकचा टिफिन वापरायचा मोह होतो, मी केलाय, नका करू.

टीएल०७२ मध्ये एक खोड आहे. पिन ३ म्हणजे पहिल्या अर्ध्याचा प्लस इनपुट आणि त्याच्या लगेच शेजारची पिन ४ म्हणजे मायनस रेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते तिच्यात सोल्डरचा फ्लक्स नीट पुसला नसेल तर या दोन पिनांमध्ये गळती सुरू होते आणि रेलवरची शिट्टी चालत इनपुटवर येते. चवथ तर भर पावसातच. म्हणून दुसरा अर्धा वापरा, इनपुट पिन ५ ला घ्या, ती पिन ४ च्या समोरच्या रांगेत आहे, लांब आहे. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवा, वाळवा, मग वर लॅकरचा हात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये, माझ्या एका जुन्या बोर्डाचे पाय दोन पावसाळ्यांत हिरवे झाले.

चिपच बदलायची असेल तर

शिट्टीच कानाच्या वर नेता येते. टीसी१०४४एस मध्ये पिन १ ला बूस्ट म्हणतात, ती पिन ८ ला जोडली की ऑसिलेटर १० वरून ४५ किलोहर्ट्झवर जातो, पंप त्याच्या निम्म्यावर म्हणजे साडेबावीसवर, आणि तिथे कोणाला ऐकू येत नाही. फिल्टरही तेवढ्याच कपॅसिटरमध्ये साडेचारपट जास्त काम करतो. साध्या ७६६० मध्ये पिन १ रिकामीच असते, जोडून काही होत नाही. एलटी१०५४ मुळातच २५ किलोहर्ट्झच्या आसपास चालतो आणि १०० मिलिअँपपर्यंत देतो, पण त्याची पिन १ वेगळ्याच कामाची आहे, बूस्टसाठी पिन ८ ला जोडलेल्या बोर्डात तो तसाच खुपसू नका, आधी ती जोडणी तोडा. पिन ७ ला कपॅसिटर लावून ७६६० ची फ्रिक्वेन्सी खाली आणता येते असं कुठेतरी वाचाल, ते आपल्याला नेमकं नको असलेलं काम आहे.

व्होल्टेज बघा. आयसीएल७६६० आणि तसल्याच मॅक्स१०४४ या चिपची मर्यादा १० व्होल्ट, टीसी१०४४एस ची १२, एलटी१०५४ ची १५. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अॅडॅप्टर लोड नसताना १२-१३ दाखवतो, मॅक्स१०४४ त्यात तिथल्या तिथे जातो. पिन ६ साडेतीन व्होल्टच्या वरच्या सप्लायला मोकळी सोडायची, ग्राउंड करायची नाही. आणि चिप विश्वासाच्या दुकानातून घ्या, ऑनलाइन एका ठिकाणाहून मी पाच स्वस्तात मागवल्या, त्यातल्या तीन चालल्या आणि एकीवरही बूस्टचा परिणाम झाला नाही, वर काहीही छापलेलं असो.

एकाच सप्लायवर असे दोन डबे असतील तर नवीनच मजा. एक २२.३ वर, दुसरा २३.१ वर, दोन्ही ऐकू न येणारे, पण कुठेतरी एकमेकांत मिसळले की फरकाची ८०० हर्ट्झची शिट्टी ऐकू येते, आणि ती गरम झाल्यावर सूर बदलते. उपाय तोच, प्रत्येक डब्याच्या आत प्लस लाइनवर २२ ओहम आणि १०० मायक्रोफॅरड.

माझा शेवटचा बोर्ड असा राहिला: टीसी१०४४एस बूस्टवर, चिपच्या फांदीत २२ ओहम, मायनसला बीसी५५७, दोन ग्राउंड गट, इनपुट पिन ५ ला. डबा बंद करून परत फोनचं अॅप लावलं, कारण झाकण लावताना एखादी वायर चिपवरून दाबली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात, माझं एकदा झालंच. काडी कुठे दिसली नाही. त्याऐवजी १०० हर्ट्झची गुणगुण दिसली, ती अॅडॅप्टरची, इतके दिवस शिट्टीमागे लपून बसलेली. अॅडॅप्टर बदलला.

आरतीला काका काही बोलले नाहीत, म्हणजे चांगलं झालं असावं. शामेळवाल्याला (घुमटाच्या साथीला वाजणारं तालवाद्य वाजवणाऱ्याला) आता तसलाच डबा पाहिजे, मायनस रेलसकट. त्याला सांगितलंय की तुझ्यासाठी दोन १० किलोओहमनी ९ व्होल्टचे साडेचार करून त्यावरच ऑप-अँप बसवतो, चार्ज पंप टाकतच नाही. घुमटालाही खरं तर तेवढं पुरलं असतं.